आमच्या घराची भिंत



मागच्या अंकात माझी ‘वीट’ नावाची कविता आली होती. काही जणांनी ती वाचली, दोघा-तिघांनी भेटून हात दाबला. कवितेत मी म्हटलं होतं की आमच्या घराची दर्शनी भिंत ही माझ्या आज्याची सही आहे, तिच्यावरून मी कुणाला रंगाचा हात फिरवू देणार नाही. आता सांगायचं ते हे, की त्या भिंतीला चुना लागलाय. आणि तो मीच लावलाय. परवा पाळी सुटताना एकानं विचारलं, “काय कवी, सही पुसली व्हय?” त्याला तिथं सायकलवर उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितो.

आमचं गाव सोलापूर आणि धाराशिवच्या हद्दीवरचं. नाव सांगत बसत नाही. तुमच्यासारखंच गाव, वेशीच्या आत एक आणि बाहेर एक. मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर आहे, तिन्ही पाळ्या करतो. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे काही वाचलं ते विहारातल्या कपाटातलं, आणि तेही रात्रपाळीच्या चहाच्या सुट्टीत. तेव्हा भिंत, चुना, रंग याबद्दल मी काही इंजिनियर म्हणून बोलत नाही. आमच्या गवंडीमामानं जे दाखवलं आणि मी जे हातानं केलं, तेवढंच सांगतो.

घर १९७५ सालचं. १९७२ च्या दुष्काळात आज्या-आजीनं दुष्काळी कामावर खडी फोडली. त्यातून जीव वाचला तो घेऊन दोघं नदीकाठच्या वीटभट्टीवर गेले. दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घ्यायची, भट्टीवर खोपी घालायची आणि मिरगाच्या तोंडाला परत यायचं. नवरा-बायको मिळून एक जोडी. हिशोब हजारावर. तिसऱ्या हंगामाच्या शेवटी मालकाकडं काही पैसे राहिले. मालक म्हणाला, पैसे नाहीत, विटा घेऊन जा. तोही दिलदारपणा म्हणून. दिलेल्या विटांत खणखणीत थोड्या. बाकी खंगर, नाहीतर पिवळ्या, अर्ध्या कच्च्या, आणि तुकडे.

आज्यानं चांगल्या विटा निवडून पुढच्या भिंतीला लावल्या. मागं आणि बाजूला खंगर आणि तुकडे, वरून मातीचं लिंपण. जोडाई सगळी मातीत. चुना घाणीत मळून आणायला पैसा नव्हता, आणि सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. (ते नियंत्रण १९८२ मध्ये सैल झालं. त्याच साली जानेवारीत सिमेंटच्या वाटपावरून मुख्यमंत्री अंतुले यांना खुर्ची सोडावी लागली आणि त्याच महिन्यात मुंबईत गिरणी संप सुरू झाला. बड्या बिल्डरांना पोती मिळत होती त्या काळात आमच्या आज्यानं एका पोत्यासाठी किती खेपा घातल्या, ते कुठल्या कोर्टात आलं नाही.) तर एक पोतं मिळालं. एका पोत्यात भिंतीचा गिलावा होत नाही. दरजा होतात. त्यानं पुढच्या भिंतीच्या दरजा भरल्या, सळईनं रेघ मारून सरळ केल्या. म्हणून आमच्या घराचं तोंड पन्नास वर्षं उघडं राहिलं. तांबडी वीट आणि मधून राखाडी रेघ.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. तिकडं दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली, हजारो माणसं गेली. आमच्या घराला खिडकीच्या कोपऱ्यापासून वर एक चीर गेली. घर उभं राहिलं. लहानपणी त्या चिरेत मी वहीच्या कागदाच्या घड्या घालून ठेवायचो.

माझी कविता अशी भिंत बघत बघत झाली. पंढरपूरचा देव विटेवर उभा, पुंडलिकानं वीट फेकली हे सगळ्यांना माहीत, पण ती थापली कुणी हे कुणी विचारत नाही, असं मी लिहिलं. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना चोखोबा आणि बरोबरचे मजूर भिंतीखाली गेले, साल १३३८ सांगतात, तेही घातलं. ज्या भिंतीच्या बाहेर राहायचं तीच बांधताना मरायचं. हे सगळं खरं आहे, आजही मागं घेत नाही. खोट दुसरीकडं होती.

यंदा होळी झाल्यावर भिंतीचा प्रश्न निघाला. तीन तोंडांनी निघाला.

पहिलं तोंड बाचं. बा आडत बाजारात हमाल. बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. बा म्हणाला, “मानसं बाहीरनंच घर बगून जात्यात. उगडी वीट म्हंजी पैसं सपलं म्हनून सोडलेलं घर. प्लास्टर राहू दे, रंग तरी मार.” बहीण नर्सिंग शिकते. ती म्हणाली, “भिंत बघून हो म्हणणारा नवरा मला नको. पण दादा, आत वास येतो तो आधी घालव. आजीचा खोकला त्या वासाचा आहे.” हे मी ऐकलं आणि सोडून दिलं. खरं तर सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तिनंच पहिल्या दिवशी सांगितली होती.

दुसरं तोंड मंडळाचं. १४ एप्रिलला वस्तीतल्या सगळ्या घरांच्या पुढच्या भिंती निळ्या करायच्या असं ठरत होतं. बाहेरच्या भिंतीला मारायच्या भारी रंगाचे डबे एक पुढारी देणार होता. निवडणुकीचा वास त्या डब्यांना होताच. विहारात बैठक बसली. मी उठून विटेवर भाषण केलं. श्रम, सौंदर्य, रंगाखाली पुरलेला इतिहास, असं बरंच. पोरं गप्प ऐकत होती. मग आमच्यातली एक पोरगी, तालुक्याला कॉलेजला जाते, ती म्हणाली, “दादा, तुमचं बरोबर असेल. पण माझ्या वर्गातल्या मुली आमच्या गल्लीतून जाताना उघड्या विटा बघतात तेव्हा त्यांना श्रम दिसत नाही. त्यांना गरिबी दिसते. निळी भिंत असली तर निदान आपण कोण ते आपण सांगितलेलं असतं.” माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी डब्यांच्या राजकारणावर घसरलो. ते सोपं होतं.

तिसरं तोंड भिंतीचं स्वतःचं. खालच्या चार-पाच थरांच्या विटा पिठूळ झाल्या होत्या. बोटानं खरवडलं की तांबडा भुगा पडायचा. वर पांढरा लोणा फुटलेला.

दुसऱ्या दिवशी गवंडीमामाला बोलावलं. म्हातारा माणूस, आज्याच्या वेळी बिगारी होता, पुढं गवंडी झाला. तो आधी आमच्या भिंतीकडं आलाच नाही. हाताला धरून तीन घरं सोडून पलीकडं घेऊन गेला. ते घरही आमच्याच वयाचं, विटा मातीतच. त्यांनी पाच वर्षांपूर्वी थेट विटेवर भारी रंग मारला होता. पहिली दोन वर्षं आख्ख्या वस्तीत ते घर उठून दिसायचं. आता खालून कमरेपर्यंत रंगाला फुगे आलेले. मामानं एक फुगा नखानं उचलला. रंगाचा पापुद्रा सालीसारखा निघाला, आणि त्याला चिकटून विटेची कातडी. मागं नुसती पूड.

“बग,” मामा म्हणाला. “रंगाची चूक न्हाई. कंपनी फसवत न्हाई. सिमेंटच्या कोरड्या गिलाव्यावर मार, झ्याक ऱ्हाईल. हितं भिंत ओली हाय.”

मग त्यानं समजावलं, ते मी माझ्या शब्दांत लिहितो, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या गावी अशी घरं आहेत. जुन्या घरांच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतलं पाणी विटेतून आणि मातीतून वर चढतं. हातभर, कंबरभर. उन्हाळ्यात ते भिंतीच्या तोंडातून वाफ होऊन उडून जातं. भिंत पाणी पिते आणि टाकते, असं पन्नास वर्षं चाललेलं असतं. तिच्या तोंडावर प्लास्टिकसारखा रंग बसवला की टाकणं बंद. पाणी मग रंगाच्या मागं थांबतं, नाहीतर घरात आतल्या बाजूला येतं. पाण्याबरोबर खार येतो. पाणी सुकलं की खाराचे खडे धरतात, फुगतात आणि विटेचं तोंड आतून फोडतात. भाजलेल्या विटेचं वरचं अंग कठीण असतं, ती तिची कातडी. ती गेली की आतला गाभा टिकत नाही. आणि रंग एकदा मारला तर परत काढता येत नाही, ही खरी गोम. खरवडा, वाळूचा मारा करा, रंगाबरोबर कातडी निघतेच. म्हणजे एकदा मारला की दर काही वर्षांनी मारतच राहायचं. मामा त्याला उचल म्हणाला. एकदा घेतली की फिटत नाही.

त्यानं आमच्या भिंतीला दुधाच्या पिशवीचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून चिकटवला. “दोन दीस हात लावू नकोस.” दोन दिवसांनी कागदाच्या आतून पाण्याचे थेंब. एप्रिल तोंडावर, बाहेर चाळीसच्या वर ऊन, आणि भिंतीला घाम.

मला मनातून आनंद झाला हे कबूल करतो. मंडळाला सांगायला शास्त्र मिळालं. रंग नको. वीट उघडी राहणार. कविता जिंकली.

इथं एक जरा लाजेची गोष्ट सांगून टाकतो. उघड्या विटेची ही आवड मला कुठून लागली? मी म्हणायचो आज्यापासून. तसं नाही. चार वर्षांपूर्वी कवितावाचनाला पुण्याला गेलो होतो. कार्यक्रम झाल्यावर आयोजकांनी एका कॅफेत नेलं. आत एक भिंत तांबड्या विटांची, वर पिवळा दिवा. सगळे म्हणाले, काय रस्टिक आहे. मी जवळ जाऊन बोट लावलं तर ती वीटच नव्हती. विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ फरश्या, चिकटवलेल्या. तिथल्या कॉफीच्या पैशात आमच्याकडं आठवड्याचा भाजीपाला येतो. बाहेर येऊन मी शिव्या दिल्या, पण परत गावी आल्यावर पहिल्यांदा मला माझी भिंत सुंदर दिसली. म्हणजे ज्यांना मी नावं ठेवत होतो त्यांच्याच डोळ्यांनी. पुढं मी लॉरी बेकरबद्दल वाचलं. इंग्लंडमधून १९४५ साली भारतात आलेला हा वास्तुविशारद केरळात गरिबांसाठी विटेची घरं बांधायचा आणि गिलावा टाळायचा, पैसा वाचतो म्हणून. त्याच्या घरांना छपराचे पुढं आलेले पाखेही असायचे, भिंतीवर पाऊस येऊ नये म्हणून. आमच्या पत्र्याला वीतभर पाखं नाही. तरी मी बेकरचं नाव विहारात दोनदा घेतलं.

तिसऱ्या दिवशी मामा कामाला लागला. खालच्या थरातली एक मेलेली वीट त्यानं छिन्नीनं सोडवून काढली, आत ओल किती ते बघायला. वीट उताणी माझ्या हातात आली. विटेच्या पोटात जो खळगा असतो, जोडाईत झाकला जातो, त्यात दोन अक्षरं होती. उठावाची, स्वच्छ. पन्नास वर्षं मातीत राहून अजून कोरी. आज्याच्या नावाची ती नव्हती, आडनावाचीही नव्हती.

मी वीट घेऊन आजीकडं गेलो. ती ओट्यावर तांदूळ निवडत होती.

“आजे, ही अक्षरं कुनाची?”

तिनं वीट घेतलीही नाही. लांबूनच म्हणाली, “मालकाची.”

“आपल्या विटेवर?”

“समद्याच विटांवर हायत. साच्यातच असायची. थापली की उटायची.” मग हातातला खडा फेकून म्हणाली, “दिसाला हजार बारी त्येचं नाव थापलंय म्या. वाचाय येत न्हवतं तवा मला वाटायचं फुलाची नक्षी हाय. तुजा बा साळंत गेला अन् त्येनं वाचून दावलं.”

मी तिथंच बसलो. तिला माझी कविता माहीत होती. बहिणीनं वाचून दाखवली होती. आजवर त्यावर ती एक शब्द बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

“तू ल्हिलंस, आज्याची सई. आरं, तुज्या आज्याला सई कुटं येत व्हती? त्यो आंगटा द्यायचा. मुकादमाच्या वहीवर. अन् विटा काय त्येनं एकट्यानं थापल्या? राती दोनला उटून चिखल म्या तुडवायची. त्यो साचा मारायचा, म्या गोळा करून द्यायची. वाळल्या की डोक्यावरनं भट्टीला म्या. तुजा बा पोटात व्हता. खोपीतच झाला. धा दिसांनी परत चिखलात हुभी ऱ्हायले. त्ये न्हाई ल्हिलंस.”

दोस्तहो, ते मी लिहिलं नव्हतं. ती सत्तर पार केलेली बाई माझ्याच घरात, माझ्या जेवणाचं ताट वाढत होती, आणि मी विटेला बोलकं करत होतो. पुंडलिकाला विचारलं, चोखोबाला विचारलं, हिला विचारलं नाही. आणि ज्याला मी सही म्हटलं ती सही मालकाची निघाली. एक नाही, भिंतभर. प्रत्येक विटेच्या पोटात.

मी विचारलं, “मग तुला काय पायजे? भिंत कशी पायजे?”

ती लगेच म्हणाली, जणू पन्नास वर्षं कुणी विचारायची वाट बघत होती. “पांढरी. चुन्याची.”

“निळी नको?”

“निळा झेंडा हाय की विहारावर. मला भिंत पांढरी पायजे.”

मग कारण सांगितलं. तिच्या माहेरी तिची आई दर दिवाळीला पाटलाचा वाडा चुन्यानं पांढरा करायची. चार-चार दिवस. हाताची सालं निघायची, बोटांच्या बेचक्यात भेगा पडायच्या, त्यात खोबरेल घालून झोपायची. वर मिळायचं शिळंपाकं आणि एखादं जुनं लुगडं. उरलेला चुना वाड्यावरच ठेवायचा. एकदा आईनं मडक्याच्या तळाचा चुना घरी आणून दाराच्या दोन्ही बाजूंना एकेक हात मारला. तर गावातलं कुणी येऊन म्हणालं, कुनाचं लगीन काढलंय? दुसऱ्या दिवशी आईनं त्यावर शेण सारवलं. आजी तेव्हा सात-आठ वर्षांची.

बाबासाहेबांनी लिहून ठेवलं आहे की अस्पृश्यानं कौलारू घर बांधणं हाच गावाच्या नजरेत गुन्हा असायचा. ते मी वाचलं होतं, भाषणात वापरलंही होतं. आमच्याच घरातल्या चुन्याच्या दोन हातांची गोष्ट मात्र मला माहीत नव्हती.

त्या रात्री पाळीला गेलो. धागा तुटत होता, जोडत होतो. डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. मागच्या वर्षी आम्ही काही जण तेरला गेलो होतो, आमच्याच धाराशिव जिल्ह्यात. तिथं त्रिविक्रमाचं देऊळ आहे. विटांचं. मागची बाजू अर्धगोल, छप्पर हत्तीच्या पाठीसारखं. हेन्री कझिन्स या पुरातत्त्व खात्याच्या अधिकाऱ्यानं शंभरावर वर्षांपूर्वी ओळखलं की ही घडण देवळाची नाही, बौद्ध चैत्यगृहाची आहे. कार्ल्या-भाज्याला डोंगरात कोरलेली असते तीच, इथं विटांत उभी. आत देव दुसरा बसला, पण पाठ गोल ती गोलच. त्या दिवशी मी परतीच्या एसटीत मोठ्यानं म्हणालो होतो, वीट हीच आपली परंपरा, उघडी वीट! पण मित्रांनो, त्या जुन्या विटांच्या वास्तू उघड्या नव्हत्याच. चुन्याचा गिलावा असायचा. नालंद्याच्या भिंतींवर गिलाव्यात घडवलेल्या मूर्ती अजून शिल्लक आहेत. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पोटात अशोकाच्या काळचा विटांचा स्तूप आहे, वर दगड चढला आणि त्यावर चुन्याचा लेप होता. अजिंठ्याला दगडावर आधी माती-चुन्याचा लेप आहे, मगच चित्र. उघडं ठेवायचं हे आपल्या पूर्वजांना सुचलंही नसेल. आज आपल्याला त्या विटा उघड्या दिसतात, कारण वरचं सगळं पडून गेलं.

आणि आमच्या घराचं तोंड उघडं का होतं? सिमेंटचं दुसरं पोतं मिळालं नाही म्हणून. आज्याला जमलं असतं तर त्यानं गिलावा केला असता, वर चुनाही मारला असता. बा सांगतो, म्हातारपणी तो दर दसऱ्याला म्हणायचा, येत्या साली तोंड झाकू.

सकाळी मी मामाला सांगितलं, चुना.

मामा म्हणाला, “चुना ह्या भितीला चालतो. चुना हवा आत-बाहीर जाऊ देतो.” पण त्याआधी ओल. ती कुठून येते ते त्यानं बोटानं दाखवलं. वस्तीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा ठेकेदारानं जुन्या रस्त्यावरच नवा थर ओतला. रस्ता आमच्या जोत्याच्या वर आला. पत्र्याचं पाणी आणि गल्लीचं पाणी दोन्ही भिंतीच्या मुळाशी. रस्त्याच्या उद्घाटनाला हार मीच धरला होता. भिंतीची वीट झडायला लागली ती त्यानंतर. म्हणजे सगळे रंगावर भांडत होतो आणि दुखणं पायात होतं. बहिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलेला वास.

दोन रविवार आम्ही भिंतीच्या कडेनं चर खणला, उतार काढून गटाराला जोडला. पत्र्याला पन्हाळ लावली. खालच्या मेलेल्या विटा काढून मामानं दुसऱ्या पक्क्या घातल्या. दरजा खालच्या चार थरांपुरत्या कोरून त्यात सिमेंट न भरता चुना-वाळू भरली, कारण मऊ विटेला कठीण दरज चावते असं त्याचं म्हणणं. भूकंपाची चीर साफ करून भरली. आतून माझ्या वहीच्या कागदाचा लगदा निघाला. लोणा कोरड्या ब्रशनं झाडला, पाण्यानं नाही. पाण्यानं धुतला की परत आत जातो.

मंडळात मी उभं राहून माझं आधीचं भाषण मागं घेतलं. ज्यांच्या घरांना सिमेंटचा कोरडा गिलावा आहे त्यांनी हवा तर निळा रंग मारावा, जुन्या विटेच्या सात घरांनी थांबावं, एवढंच म्हणालो. पुढाऱ्याच्या डब्यांवर मतदान झालं आणि आम्ही हरलो. डबे आले. चार घरांनी ऐकलं, तिघांनी नाही. त्यातल्या एकीनं सांगितलं, “पावसाळ्यापर्यंत तर चांगलं दिसंल की. तवर माझ्या लेकाचं लगीन हुईल.” तिला काय म्हणणार?

कळीचा चुना पिंपात विरघळवला. कळी पाण्यात पडली की पाणी उकळतं, पोरांना लांब ठेवा, डोळ्यात उडाला तर डोळा जातो. चार दिवस मुरू दिला, गाळला, डिंकाचं पाणी घातलं. मामानं चिमूटभर नीळ टाकली. मी हसलो तर म्हणाला, “हसतोस काय? निळीबिगर पांढरा उटत न्हाई.” भिंत आधी पाण्यानं ओली केली आणि सकाळच्या उन्हाआधी पहिला हात दिला.

आजी बाजेवर येऊन बसली. ओला चुना पाण्यासारखा असतो, विटेवर काही दिसेच ना. तांबडी ती तांबडीच. बा म्हणाला, पैसं पान्यात. आजी म्हणाली, “वाळू द्या.” आठच्या सुमारास ऊन आलं आणि वरच्या कोपऱ्यापासून भिंत पांढरी व्हायला लागली. दुपारी दुसरा हात, दुसऱ्या दिवशी तिसरा. दार आणि खिडकीची चौकट लाकडाची, ती बहिणीनं निळ्या तेलरंगानं रंगवली. तो तिनं तिच्या पैशानं आणला.

पाहुणे येऊन गेले. भिंतीबद्दल काही बोलले नाहीत. हुंड्याबद्दल बोलले. बहिणीनं नाही सांगितलं.

पहिला पाऊस झाला तेव्हा खालचा थर थोडा धुऊन निघाला आणि तिथं विटेचा तांबूस रंग दिसतो. दिवाळीला परत एक हात द्यावा लागेल. घरातला वास कमी आहे, गेलेला नाही. आजीचा खोकला रात्री अजून येतो. मामा म्हणतो, इतक्या वर्षांची ओल एका उन्हाळ्यात सुकत नाही.

ती दोन अक्षरांची वीट मी कवितेच्या वहीजवळ ठेवणार होतो. सकाळी पाळीवरून आलो तर ती जागेवर नव्हती. रांजण हलत होता म्हणून आजीनं त्याच्या खाली लावली होती.

“ती माझी होती, आजे.”

“मंग दुसरी आन,” ती म्हणाली. “आनि त्या खिडकीच्या खाली बारीक ऱ्हायलंय बग. तितं कुंचा फिरव.”